सुपारीएवढा गोरा डाग

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटं खाली, सुपारीएवढा एक गोरा डाग आहे. बाकीचा हात म्हातारीचा झाला, सुरकुतला, त्यावर शिरा उभ्या राहिल्या. तो डाग मात्र मी चौदा वर्षांची असताना होता तसाच आहे. त्यावर लव नाही. त्याला घाम येत नाही. सुईचं टोक टेकवलं तरी तिथे मला काही कळत नाही. नातवंडं विचारतात तेव्हा तव्याचा चटका बसला होता म्हणून सांगते आणि मोकळी होते. ते खोटं आहे. खरं सांगायचं तर आक्कापासून सुरुवात करावी लागते, आणि आक्काबद्दल बोलताना अजूनही माझा आवाज नीट राहत नाही.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडे. निजामाचं राज्य होतं, पण निजाम आम्ही पाहिला नव्हता आणि त्यानेही आम्हाला पाहिलं नव्हतं. घरी काळी जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, खाऊनपिऊन सुखी होतो. आक्काला पंधरावं लागलं आणि तिच्या तोंडावर वांग उठला. नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर पसरलेले तपकिरी डाग. ती हसली की ते डाग गालांबरोबर वर सरकायचे आणि डोळ्यांखाली जाऊन बसायचे. मला ते फार आवडायचं. तेव्हा मला वाटायचं की आक्का हसते ती त्या डागांनीच.

पाहायला येणाऱ्यांना ते आवडत नव्हतं. दोन ठिकाणची माणसं आली, पोहे खाऊन गेली, आणि दोन्हीकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे पण तोंड डागी आहे. बाजारात पेरू बघतात ना, दाबून, उलटून, तसं. मला त्या माणसांचा आजही राग येतो. माय रागावली नाही, ती घाबरली. तिसरं स्थळ पूर्णेचं आलं, मुलगा रेल्वेत कामाला होता, आणि हे हातचं गेलं तर आक्का घरातच राहील हे मायच्या डोक्यात पक्कं बसलं. ते लोक वीस-बावीस दिवसांनी पाहायला येणार होते.

आमची मावशी पूर्णेलाच होती. तिनं निरोप धाडला की स्टेशनामागच्या गल्लीत एक बाई राहते, हैदराबादच्या कुठल्याशा ड्योढीत, म्हणजे नवाबाच्या वाड्यात, तिनं बारा वर्षं बेगमांची तोंडं सांभाळली आहेत, ती वांग काढते. पोरीला घेऊन या. माय आम्हा दोघींना घेऊन निघाली. मला का घेतलं ते तेव्हा मला कळलं नाही. आक्काला सोबत म्हणून असेल असं वाटलं. गंगाखेडपर्यंत बैलगाडी, पुढं परभणीला गाडी बदलून पूर्णा. मी पहिल्यांदाच आगगाडीत बसले होते आणि खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जात होते तरी मी डोकं आत घेत नव्हते. आक्का शेजारी बसून हसत होती. तिचं ते हसू मला लख्ख आठवतं, कारण तसं मी नंतर पाहिलं नाही.

त्या बाईची खोली एकच होती आणि फार स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की मला तिथं पाय ठेवायला नको वाटलं. फळीवर चिनी मातीच्या तीन बरण्या, त्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली, आणि बरण्यांच्या शेजारी पत्र्याची एक चपटी पेटी. तोंडं उजळण्याचा धंदा करणाऱ्या त्या बाईच्या खोलीत आरसा मात्र नव्हता. बाई पन्नाशीची असेल. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे व्रण होते आणि ते तिनं तसेच ठेवले होते.

तिनं आम्हा दोघींनाही नुसत्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं, तेल-उटणं काही नाही, आणि पुसून गप बसवून ठेवलं. बऱ्याच वेळानं पतंगाच्या पातळ कागदाचे तुकडे घेऊन ती आली. एकेक तुकडा आमच्या कपाळावर, नाकावर, गालावर दाबला, उजेडाकडे धरून पाहिला. मग अंगठ्यानं आमचे हात दाबून बोटाचा ठसा किती वेळानं जातो ते बघत बसली. आम्ही कुणबी आहोत हे तिला माहीत होतं, म्हणून आम्हाला समजेल अशा भाषेत तिनं मायला सांगितलं. कातडी जमिनीसारखी बघावी लागते. कुणाची काळी, कुणाची मुरमाड, कुणाची चोपण. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हिची मुरमाड आहे, काहीही ओता, खाली जिरून जाईल. आक्काच्या गालावरून तिनं बोटाची पाठ फिरवली आणि तिचं बोट थांबलं. ही चोपण, म्हणाली. वरून गुळगुळीत, पण आत काही घेत नाही. जोराचं काही टाकलं की वरच फुटते.

मग बरण्या दाखवल्या. पहिलीत ताकाची निवळ आणि मसुराचं पीठ; त्यानं दोन महिने लागतात, वांग फिका होतो, पुरा जातोच असं नाही. दुसरीत पपईचा चीक; महिनाभर, कातडी पिठासारखी झडते. तिसरी बरणी तिनं उघडली नाही. त्यात बिब्ब्याचं तेल होतं आणि आणखी काहीतरी होतं जे तिनं सांगितलं नाही. आठ दिवसांत वरची कातडी एका तुकड्यात निघते, खालून नवी येते, डाग राहत नाही. आक्कासाठी तिनं पहिली बरणी पुढं सरकवली.

माय तिसऱ्या बरणीकडे बघत होती. तिनं पाहुणे येण्याचे दिवस सांगितले, बोटांवर मोजून सांगितले. बाई मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली की तिसरं लावायचंच असेल तर आधी ठिपका लावून सात दिवस बघावं लागेल, मुलीच्या कानामागं. बिब्बा काहींना उतत नाही, काहींना नुसतं झाडाखाली उभं राहिलं तरी अंग सुजतं, आणि कुणाला उतेल हे बघून कळत नाही.

माय म्हणाली, "कानामागं बी न्हाई. केस उचलून बघतेत ती माणसं. देण्याच्या पोरीला डाग लावायचा नसतो, बाई." आणि तिनं माझा हात धरून पुढं केला. "हिला लावा. एकाच पोटच्या हायत दोघी."

म्हणजे मला त्यासाठी आणलं होतं. मला वाईट वाटलं नाही हे मुद्दाम सांगते. उलट मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं, आक्काच्या लग्नात माझंही काही काम निघालं म्हणून. आणि मायचं म्हणणं आम्हा कुणालाच चूक वाटलं नाही. आमच्याकडे सगळं तसंच चालायचं. नव्या विहिरीचं पाणी एकानं पिऊन बघितलं की सगळं घर प्यायचं.

बाईनं माझा हात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "ज्या अंगाला इचारावं त्या अंगाचंच उत्तर मिळतंय," ती म्हणाली. "हे ध्यानात ठिवा. म्या सांगितलं न्हाई म्हणू नका." मायनं हो म्हटलं. ऐकून हो म्हटलं की नुसतंच हो म्हटलं, ते तिलाच ठाऊक. तिसऱ्या बरणीचं फडकं सुटलं आणि खोलीभर जळक्या गोडेतेलाचा वास पसरला.

सात दिवस आम्ही मावशीकडे राहिलो. माझ्या हाताला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ठिपका काळा पडून ताणला गेला, पाचव्या दिवशी कडेनं सुटला. बाई रोज येऊन बघायची. सातव्या दिवशी तिनं चिमट्यानं ती कातडी उचलली, गोल, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, आणि बरोबर आणलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. मी विचारलं की ही कशाला नेता. ती म्हणाली, निघालेली कातडी घरात ठेवू नये, मुंग्यांना लागू देऊ नये, ती नदीला घालावी लागते. मी पेटीत डोकावले. आत तसेच बरेच पापुद्रे होते, काही गोल, काही लांबट, आणि सगळ्यांत खाली एक मोठा तुकडा होता ज्याच्यावर कपाळाच्या तीन आठ्या स्पष्ट दिसत होत्या. ते कुणाचं कपाळ होतं आणि अजून नदीत का गेलं नव्हतं, हे मी विचारलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी कुणाच्या कपाळाकडे नीट बघू शकले नाही.

माझ्या हातावर गोरापान डाग उमटला होता. मायनं तो मावशीला दाखवला, शेजारणीला दाखवला. आक्कानंही माझा हात उजेडात धरून पाहिला, आणि त्याच दुपारी तिच्या तोंडाला तिसऱ्या बरणीतला लेप लागला.

बाईनं नियम सांगून ठेवले होते. ऊन नको, चुलीची धग नको. हसायचं नाही, रडायचं नाही, बोलायचं नाही. तोंड हललं तर लेप तडकतो आणि तडकला तिथं वण राहतो. आरसा बघायचा नाही, पाण्यातसुद्धा तोंड बघायचं नाही. मावशीनं घरातला एकुलता एक आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. आक्का पाणी पिताना डोळे मिटून प्यायची. आतल्या खोलीत पोत्याचा पडदा लावून ती बसली आणि तिच्याजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड शिसवी लाकडाच्या रंगाचं झालं. तिसऱ्या दिवशी ते तोंड राहिलंच नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच काळं कवच, त्यात दोन भोकं, आणि भोकांतून आक्काचे डोळे. मी तिच्याकडे बघायचं टाळू लागले. भर दुपारी, बाहेर मावशी जात्यावर दळत असताना, मला वाटायचं की आक्का उठून केव्हाच निघून गेली आहे आणि तिच्या जागी कुणीतरी येऊन बसलं आहे, आक्काचं लुगडं नेसून. एकदा मी हळूच हाक मारली. त्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण कवचात काहीच हललं नाही, आणि मला खोलीबाहेर पळून जावंसं वाटलं. पळाले नाही. तेवढं एक बरं केलं.

चौथ्या दिवशी ती बोटांनी जमीन वाजवायला लागली. आधी हळू, मग भराभर. बोलायचं नव्हतं ना. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझा डावा हात ओढला, त्या गोऱ्या डागावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी विचारलं. काय विचारते आहे ते मला लगेच समजलं. तुला इथं आग झाली होती का?

मी मान हलवून नाही म्हटलं.

ते खरं होतं. मला आग झालीच नव्हती. आक्कानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं, हात सोडला आणि बोटं मुठीत घट्ट मिटून बसली. बहिणीला झालं नाही म्हणजे मलाही झालेलं नाही, ही जी आग वाटते आहे ती आपली भीती आहे, असं तिनं स्वतःला समजावलं असणार. ती पूर्ण दिवस तशीच बसली. मी खोटं बोलले असते, हो म्हणाले असते, तर तिनं त्याच क्षणी लेप ओरबाडून काढला असता. इतकी वर्षं मी जगात कितीदा सहज खोटं बोलले आहे. त्या एका वेळी खरं बोलले याचा मला जन्मभर पस्तावा आहे.

पाचव्या दिवशी सकाळी कवचाच्या कडेनं पाणी वाहत होतं आणि आक्काचे डोळे सुजून मिटले होते. बिब्बा उतला होता. बाईला बोलावणं गेलं. ती आली, उंबऱ्यातच थांबली, एकदा मायकडे पाहिलं. तीळ वाटून लोण्यात कालवले आणि कवचाखाली बोट घालून घालून ती दिवसभर सोडवत बसली. संध्याकाळच्या आत ते निघालं. कपाळ, नाक, दोन्ही गाल, एका तुकड्यात. मी दाराशी उभी होते. आतल्या बाजूनं ते गुलाबी होतं आणि बाहेरच्या बाजूला, काळ्या लेपाखालून, वांगाचे ते दोन डाग मला दिसले. निदान दिसले असं वाटलं. आक्कानं हात पुढं केला, बहुतेक मागण्यासाठी. बाईनं तो तुकडा पेटीत ठेवला, पेटी पदराखाली घेतली आणि गेली. लगेच नदीला घालते, एवढंच म्हणाली.

पूर्णेच्या लोकांना बापानं कळवलं की घरात सुतक पडलं आहे, महिनाभर थांबा. कुणी मेलं नव्हतं. मला मात्र ते सुतक खरं वाटत राहिलं आणि मी कुणी न सांगता महिनाभर गोड खाल्लं नाही.

नवं तोंड आलं ते असं. गोरं, एकसारखं, तुळतुळीत. वांग पार गेला होता, त्याबरोबर अर्ध्या भुवया गेल्या होत्या. आणि ते हलत नव्हतं. आक्का बोले तेव्हा ओठ तेवढे उघडत, गाल जागेवर राहत. रडली तर पाणी वाहे, पण तोंड रडत नसे. पाहुणे आले. मुलाच्या आईनं ओल्या फडक्यानं आक्काचा गाल पुसून पाहिला, पावडर नाही याची खात्री केली आणि तिथल्या तिथे पसंती दिली. मुलगी गंभीर आहे, वळणाची आहे, असं म्हणाली. मायला इतका आनंद झाला की ती देवासमोर जाऊन बसली. मी आक्काकडे पाहिलं. ती हसली असावी. मला कळलं नाही.

लग्न झालं. मग माझं झालं, गंगाखेडजवळच्या एका गावात. आक्काची गाठ क्वचित पडायची. एकदा तिनं मला विहिरीवर सांगितलं, "ते मला लय जपतेत. पर ह्या तोंडासंगं बोलतेत, माज्यासंगं न्हाई." तिच्या घरात आरसे होते, रेल्वेवाल्यांच्या घरात असतात, आणि ती ते पुसायची तेव्हा बाजूला उभी राहून पुसायची. एकदा ती स्टेशनामागच्या त्या खोलीवरही जाऊन आली. खोलीला कुलूप होतं. ती बाई केव्हा आणि कुठं गेली हे गल्लीत कुणालाच सांगता आलं नाही.

रझाकारांच्या दंग्याचं साल आलं. स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना धास्ती होती, म्हणून तिच्या नवऱ्यानं तिला माझ्याकडे, माझ्या सासरी पाठवलं. बरोबर तिचा मुलगा होता, वर्षाच्या आतला. मला तेव्हा दुसऱ्या खेपेचे दिवस होते. त्या दिवसांत माझ्या तोंडावर वांग उठला होता. नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर. सासू म्हणत होती काहीतरी लाव, आणि मी कशालाही हात लावत नव्हते.

सकाळची वेळ होती. मी अंगणात उन्हाला तोंड करून तूर पाखडत होते. आक्का गाडीतून उतरली, मुलाला कडेवर घेऊन फाटकातून आत आली, आणि मला पाहून जागच्या जागी थांबली. सूप माझ्या हातात तसंच राहिलं. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण तिचा श्वास मला अंगणाच्या या टोकाला ऐकू येत होता. मग ती जवळ आली, मुलाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले. बोटांनी ती डागांच्या कडा चाचपत होती, हरवलेली वस्तू अंधारात सापडल्यावर चाचपतात तशी.

"पेटीत गेलं म्हणत व्हते मी," ती म्हणाली. "तुज्याकडं हाय व्हय."

मला वाटलं ही आता ते मागेल, आणि मागितलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. माझ्या हाताला झालं नाही आणि तिच्या तोंडाला झालं, त्याचा हिशेब कधीतरी व्हायचाच होता. तिनं ते मागितलं नाही.

मुलगा तिच्या मांडीवर गप होता. फार गप. तो तिच्या हातांकडे बघायचा, बांगड्यांकडे बघायचा. तोंडाकडे बघत नसे. आक्कानं मग मला सांगितलं की हा अजून हसलेला नाही. डॉक्टरला दाखवलं, त्याला काही झालेलं नाही. पण मूल हसतं ते कुणाचं तरी बघून हसतं. हे बघतं ते तोंड हसत नाही. ती दिवसभर त्याच्यासमोर हसते, आतून हसते, आणि ते तिच्या तोंडापर्यंत येत नाही.

तिनं मुलाला माझ्या मांडीवर दिलं आणि माझ्या मागं जाऊन बसली, माझ्या पाठीला छाती लावून, हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवून. "हस की," ती म्हणाली. "त्येला बगू दे."

मला हसू येत नव्हतं. मला रडू येत होतं. तरी मी हसले, आक्का हसायची तशी, मला आठवत होतं तसं, आगगाडीतलं. गाल वर सरकले. मूल माझ्या तोंडाकडे बघत राहिलं, भुवया आकसून, कितीतरी वेळ. माझ्या कानाशी आक्का त्याच्याशी बोलत होती. "बग, राजा. मी अशी दिसती. ही तुजी माय." आणि मग ते हसलं, बोळक्या तोंडानं, खदखदून, आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवून माझ्या खांद्यावरच्या त्या पांढऱ्या तोंडाकडे बघून पुन्हा हसलं.

आक्काच्या डोळ्यांचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. बाळंत झाल्यावर वांग जातो म्हणतात, आणि उन्हानं तो गडद होतो. बाळंतपणानंतर माझाही फिका पडायला लागला, तोवर आक्का तिच्या घरी परत गेली होती आणि मूल तिला बघून हसायला लागलं होतं. मी मात्र वर्षभर भर उन्हात, पदर न घेता, शेतात जात राहिले. सासूला वाटलं मला वेड लागलं. आक्का येईल तेव्हा ते माझ्या तोंडावर असायला हवं होतं.